अकरावी चिठ्ठी

"कुणाचं अक्षर आहे हे?"

घोरपडेबाईंनी चिठ्ठीला हातसुद्धा लावला नव्हता. फूटपट्टीच्या टोकाने त्यांनी ती टेबलावरून माझ्याकडे ढकलली.

"मालन लवटेचं," मी म्हणाले.

लगेच म्हणाले. जरा थांबून विचार करावा, एखादा दिवस जाऊ द्यावा, काही नाही. वर्गात हुशार मूल बोट वर करून उत्तर देतं ना, तशी मी उत्तर देऊन मोकळी झाले.

सत्त्याण्णव सालचा फेब्रुवारी. माणदेशातल्या एका तालुक्याच्या गावी मुलींची शाळा होती, शाळेला लागून वसतिगृह. मी कोल्हापूरहून तिथे विज्ञान शिकवायला आले होते. वय पंचवीस, आणि आपण या मुलींचं भलं करायला आलोय असा तोरा. घोरपडेबाई मुख्याध्यापिका. त्यांना मी पहिल्या दिवसापासून आवडत नव्हते, आणि त्या मला.

भांडणाचं मूळ होतं प्रश्नपेटी. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा, झाकणाला फट पाडलेली. मुलींनी नाव न घालता चिठ्ठी टाकायची. शुक्रवारी ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई यायच्या आणि सभागृहात उत्तरं द्यायच्या. कल्पना माझी, डबाही माझाच. "नको ते डोक्यात भरवायचे धंदे," असं घोरपडेबाई शिक्षकखोलीत मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या. पण जिल्ह्याहून पत्रक आलेलं होतं, त्यामुळे त्यांचा नाइलाज होता.

सोमवारी शाळा सुटली की मी डबा उघडायचे आणि चिठ्ठ्या निवडायचे. डॉक्टरीणबाईंना द्यायच्या त्या एका बाजूला, द्यायच्या नाहीत त्या दुसऱ्या बाजूला. त्या सोमवारी अकरा निघाल्या. दहा नेहमीच्या होत्या. तोंडावरच्या पुटकुळ्या, पांढरं जाणं, पाळीत लोणच्याला हात लावला तर ते खरंच नासतं का. अकरावी अशी होती:

"माझी पाळी गेली. तरी मनात येतं. हे पाप आहे का? का काही रोग आहे? कुणाला विचारायचं?"

दहावीची परीक्षा पंधरा दिवसांवर, आणि वसतिगृहातल्या एका मुलीची पाळी चुकलेली. वर तिच्या मनात अजून येतंच आहे!

अक्षर ओळखायला मला वेळ लागला नाही. मालन सगळी ओळ आधी बोडकी लिहायची आणि मग पट्टी लावून वरची रेघ एका दमात, या टोकापासून त्या टोकापर्यंत मारायची. शब्द एकमेकांना चिकटून जायचे. मी तिला त्यावरून किती वेळा चिडवलं होतं. ती धनगराची पोर. घरची माणसं मेंढरं घेऊन आठ महिने रानोमाळ फिरणारी, आणि ही एकटी वसतिगृहात राहून पहिला-दुसरा नंबर काढणारी. घराण्यात दहावीला बसणारी ती पहिलीच होती.

दुसऱ्या दिवशी मी घोरपडेबाईंकडे गेले ते तिला वाचवायला, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मी घाबरले होते. माझ्या पेटीतून हे निघालं, आता माझ्यावर शेकणार, म्हणून आपणच आधी सांगितलेलं बरं.

"एका मुलीची पाळी चुकलीय बाई," असं म्हणूनच मी चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली. आधी माझं वाक्य, मग चिठ्ठी.

मालनला बोलावलं. ती आली, चिठ्ठी बघितली, आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"तू लिहिलंस?" घोरपडेबाई.

"व्हय."

"किती दिवस झाले?"

"कशाला?"

"कशाला काय, पाळी जाऊन!"

"माजी न्हाई गेली, बाई. परवाच तर आंघूळ झाली माजी."

"मग ही चिठ्ठी काय भुताने लिहिली?"

"लिवली मी. पर माजं न्हाई त्ये."

"मग कुणाचं?"

तेवढ्यात हौसाबाई चहा घेऊन आली. ही वसतिगृहातली स्वयंपाकीण, मुलींची मावशी. पन्नाशीची, विधवा, हाडापेराने भक्कम बाई. साठ मुलींच्या भाकरी दोन वेळा एकहाती थापायची. तिने कप ठेवले. माझ्या बशीत चहा सांडला. एरवी तिचा थेंब सांडत नसे. ती पदराने बशी पुसत राहिली.

"शपथ घातलीया," मालन म्हणाली. "नाव न्हाई सांगनार."

"ऐका सरनाईकबाई! शपथा घालून चाललंय सगळं. आणि तुम्ही त्यांना डबे पुरवा." घोरपडेबाई हौसाबाईकडे वळल्या. "तू काय उभी? जा."

हौसाबाई गेली.

मी म्हटलं, रुग्णालयात नेऊन तपासून घेऊ, म्हणजे खरं-खोटं कळेल. घोरपडेबाई उसळल्याच. "गावातून वरात काढायची का? तपासणीला नेली की झालंच, तपासणीत काही निघो न निघो. बापाला निरोप धाडते. घेऊन जाईल गुपचूप."

"आणि परीक्षा?"

"परीक्षा म्हणे!"

बाहेर व्हरांड्यात मी मालनला गाठलं. मला तिचा संताप आला होता. एवढी हुशार मुलगी, आणि हे दिवे लावले! माझी पेटीही बुडवली, स्वतःही बुडाली.

"कोण आहे तो?" मी विचारलं.

"कोन न्हाई."

"मालन, मी तुझ्या बाजूची आहे. खरं सांग."

तिने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत भीती नव्हती, ते मला जास्त झोंबलं.

"बाई, तुमाला मराठी वाचाय येतंय न्हवं?" ती म्हणाली. "मग नीट वाचा की."

मी तिच्या थोबाडीत मारली. नोकरीच्या त्या दोन वर्षांत मी एकाही मुलीवर हात उचलला नव्हता, नंतर सव्वीस वर्षांतही उचलला नाही. तिने गालावर हातसुद्धा नेला नाही. वळली आणि वर्गात जाऊन बसली.

तिसऱ्या दिवशी बाप आला. बिरा लवटे. मेंढरं फलटणच्या बाजूला होती, तिथून दोन एसट्या बदलून. खांद्यावर घोंगडं, पायांत जाड वहाणा. वहाणा दाराबाहेर काढून आत येऊन उभा राहिला. खुर्चीवर बसा म्हटलं तरी बसला नाही.

घोरपडेबाईंनी सांगितलं. शब्द निवडून, पण एकही सोडला नाही. बोलता बोलता चिठ्ठीही वाचून दाखवली. बापाची मान खाली खाली जात राहिली. मालन भिंतीला टेकून उभी होती. मी खिडकीपाशी. मला वाटत होतं, हा माणूस आता तिला मारणार, आणि आपल्याला मध्ये पडावं लागणार.

त्याने मारलं नाही. म्हणाला, "न्हेतो मी तिला. मेव्हन्याचा पोरगा हाय. ह्या म्हैन्यातच उरकून टाकतो."

"आप्पा, माजी परीक्षा," मालन म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज फुटला.

"कसली परीक्षा? झाली की परीक्षा."

घोरपडेबाईंनी खण उघडून शाळा सोडल्याचा दाखला काढला. तो आधीच लिहून ठेवलेला होता. फक्त सही राहिली होती. त्याखाली मालनचं परीक्षेचं प्रवेशपत्र दिसलं, फोटो लावलेलं, वेण्या घट्ट घातलेल्या. मी काहीतरी बोलायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "बाई, पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे." घोरपडेबाईंनी पेनाचं टोपण काढलं.

दारात हौसाबाई उभी होती. या वेळी हातात चहा नव्हता. हाताला पीठ तसंच होतं.

"सही नका करू," ती म्हणाली.

"काय गं?"

"त्ये माजं हाय. पोरीचं न्हवं."

"काय तुझं?"

"चिठ्ठी. मी सांगितली, तिनं लिवली. मला लिवाय येत न्हाई म्हनून. चुलीपाशी अभ्यासाला बसती ती, तवा म्हनलं, एवढं लिव. कुनाला सांगू नगस म्हनून शपथ घातली."

खोलीत कुणाला काही कळेना. निदान मला तरी नाही. मी म्हणाले, "अहो पण हौसाबाई, पाळी चुकलीय असं लिहिलंय त्यात."

"चुकली न्हवं, बाई. गेली." ती माझ्याकडे वळली. "चुकती पोरीबाळींची. माजी गेली. चार वर्सं झाली जाऊन."

आता सांगितलं तर हसाल. मी विज्ञानाची पदवीधर. रजोनिवृत्ती हा शब्द मला पाठ होता, पाठात होता, मी तो फळ्यावर लिहून शिकवलाही होता. पण आई माझी मी नऊ वर्षांची असताना वारली, पुढे सगळी वर्षं वसतिगृहात काढली. पाळी 'जाते' हे मी कुठल्याच बाईच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मालनने ऐकलं होतं, आजीकडून, चुलतीकडून. ती म्हणाली तेच खरं होतं. मला वाचता आलं नव्हतं. आणि तिने अर्थ उलगडून सांगितला असता तर नाव सांगितल्यासारखंच झालं असतं. वसतिगृहाच्या आवारात त्या वयाच्या दोनच बायका होत्या. घोरपडेबाईंवर कुणी संशय घेतला नसता.

घोरपडेबाई तेव्हा चोपन्नच्या. 'गेली' म्हणजे काय ते त्यांना माझ्याकडून शिकायची गरज नव्हती. माझं वाक्य आधी ऐकल्यामुळे त्या फसल्या, की सगळं कळून दाखला लिहायला बसल्या, ते मला आजही सांगता येणार नाही. हौसाबाई बोलली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य मात्र मला दिसलं नाही.

त्या हसल्या. "नाव हौसाबाई, आणि हौस काही फिटली नाही वाटतं अजून! नवरा जाऊन किती वर्षं झाली गं?"

"नऊ."

"नऊ वर्षं. आणि मनात येतंय! लाज नाही वाटत? नातवंडं खेळवायचं वय, आणि पोरीच्या हातून असलं लिहून घेतेस?"

"वाटती की लाज. म्हनून तर नाव न्हाई घातलं."

बिरा लवटे इतका वेळ जमिनीकडे बघत होता. त्याने मान वर केली.

"म्हंजी माज्या पोरगीचं कायबी न्हाई?"

"तसं नाही हो," घोरपडेबाई म्हणाल्या. "असलं घाण लिहिलं तर तिनेच ना?"

"लिव्हाय तुमीच शिकिवलं की बाई." त्याने घोंगडं खांद्यावर सारखं केलं. "सांगितलं त्ये लिवलं पोरीनं. माझ्यापरीस बरं लिवती. परीक्षा दिऊ द्या तिला." आणि मालनला म्हणाला, "जा, अभ्यासाला बस."

जाताना तो हौसाबाईसमोर थांबला. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला. मग तो वहाणा घालून निघून गेला.

दाखला फाटला. त्याच टेबलावर, त्याच पेनाने हौसाबाईला कामावरून काढल्याचा कागद लिहिला गेला. मुलींच्या वसतिगृहात असल्या चालीची बाई नको, असं कारण. पेटीही त्याच दिवशी बंद झाली. डबा घोरपडेबाईंनी खडू ठेवायला घेतला.

दुपारी हौसाबाई फाटकाशी बोचकं घेऊन उभी होती. एसटी यायला वेळ होता. मला तिच्यासमोर जायचं नव्हतं, पण माझी खोली फाटकापलीकडे होती.

"बाई," तिने हाक मारली.

मी थांबले. मला वाटलं, आता ही शिव्या देणार. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"त्या डाक्तरीणबाई उद्या यायच्या हुत्या. मी मागं बसून ऐकनार हुते. आता मला काय घावत्यात त्या?" ती म्हणाली. "तुमी तर शिकलेल्या. त्येवढं उत्तर सांगा की. पाप हाय का रोग हाय?"

उत्तर माझ्या टेबलाच्या खणात होतं. डॉक्टरीणबाईंनी मला एक पुस्तिका दिली होती, त्यात शेवटी दीड पान. पाळी गेल्यावर इच्छा संपते असं नाही, ती कमी होईल, तशीच राहील किंवा वाढेल, त्यात विकृत काही नाही. मुलींसाठी उपयोगाचं नाही म्हणून मी ते दीड पान वाचून सोडून दिलं होतं.

मी वर बघितलं. ऑफिसच्या खिडकीत घोरपडेबाई उभ्या होत्या. पण सगळा दोष त्या खिडकीला देणार नाही. मला किळस आली होती. तेलकट कपाळाची, पीठ चिकटलेल्या हातांची ही बाई, आणि तिच्या मनात येतं. मला ते ऐकायचंच नव्हतं.

"या वयात असलं मनात आणू नये, हौसाबाई," मी म्हणाले. "देवाचं नाव घ्यावं."

"घेती की." ती अगदी साधेपणाने म्हणाली. "नाव घ्याच्या आधी बी येतं, घेतल्यावर बी येतं."

मी खोलीची किल्ली शोधायला लागले.

"म्हंजी तुमास्नी बी ठावं न्हाई," ती म्हणाली, आणि रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली.

मालन परीक्षेला बसली. परीक्षा संपेपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. शेवटच्या पेपरच्या दिवशी माझ्या टेबलावर घडी घातलेला कागद सापडला. ओळ बोडकी लिहून वर पट्टीने मारलेली एकच रेघ. "मावशीला उत्तर काय दिलं?" एवढंच. ती गावी निघून गेली होती. मी पुढच्या वर्षी बदली मागून घेतली.

त्यानंतर लग्न, मुलगा, मुख्याध्यापिकेची खुर्ची, सगळं रीतसर झालं. आणि पन्नासाव्या वर्षी माझीही गेली. गेलीच, चुकली नाही. मनातलं मात्र कुठे गेलं नाही. नवऱ्याने पलंगाच्या दुसऱ्या कडेला तोंड करून झोपायची सवय कधीच लावून घेतली होती. एकदा त्याच्या खांद्यावर हात ठेवला तर म्हणाला, "उल्का, आता काय हे? वय बघ." ते शब्द मी ओळखले. माझेच होते, फक्त त्यात देवाचं नाव नव्हतं.

दोन वर्षं मी टाळलं. मग गेल्या मार्गशीर्षात हौसाबाईचं गाव शोधून काढलं. आटपाडीच्या पुढे, ओढ्याच्या काठावर दहा-बारा घरं. ती जिवंत होती. ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. समोर सून, पन्नाशीला आलेली, कपाळाला आठी. शेजारच्या ओट्यावर आणखी दोघी-तिघी.

"कानानं ऐकू येत न्हाई म्हातारीला," सून म्हणाली. "काय काम काढलं?"

मी हौसाबाईजवळ बसले. नाव सांगितलं, शाळा सांगितली. तिच्या डोळ्यांत ओळख दिसली, पण हसली नाही. मी हळूच म्हणाले, "तुमचं उत्तर द्यायला आले. पाप नाही ते."

"आं?"

"पाप नाही!"

"कसलं माप?"

शेजारच्या ओट्यावरचं बोलणं थांबलं. उठून जावं असं वाटलं, आणि मला ते फाटक आठवलं.

"पाप न्हाई, हौसाबाई!" मी घसा ताणून ओरडले. "पाळी गेल्यावर मनात येतं त्ये पाप न्हाई! रोग बी न्हाई! बाईमाणसाचं असतंच त्ये!"

गल्लीभर ऐकू गेलं. शेजारची एकजण पदर तोंडाशी घेऊन आत पळाली. सून ताडकन उठली. "अवो बाई, डोकं ठिकानावर हाय का? ऐंशीच्या म्हातारीला काय सांगताय ह्ये? पोरंसोरं हायती घरात!"

हौसाबाईने तिला हाताने गप्प केलं. ऐकू गेलं होतं. तिने हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला टाकलं.

"तवा मी पन्नाशीत हुते, बाई," ती म्हणाली. "तवा इचारलं, तर देवाचं नाव घे म्हनलासा. सत्तावीस वर्सं मी सोताला पापी म्हनून घेतलं. आता ह्ये उत्तर घिऊन मी काय करू?"

ती पुढची शेंग फोडायला लागली. मी बसून राहिले, तरी तिने परत मान वर केली नाही. मग मी उठले.

सून रस्त्यापर्यंत मागून आली. ही आता मला गावाबाहेर घालवूनच परत जाणार, असं मला वाटलं. बाभळीपाशी पोचल्यावर तिने मागे वळून बघितलं. ओटे दिसत नव्हते. कपाळावरची आठी तशीच होती, आवाजही तसाच खेकसल्यासारखा.

"मघा काय वरडत हुता," ती म्हणाली, "त्ये परत एकदा सांगा."